ताओ परंपरेतील ‘फू’ : नव्याने ओळख करून घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फू म्हणजे नेमके काय?

पिवळ्या कागदाच्या उभ्या पट्टीवर लाल शाईने काढलेली, अर्धी अक्षरासारखी आणि अर्धी चित्रासारखी दिसणारी आकृती म्हणजे फू, एवढी ओळख बहुतेकांना असते. मराठीत तिला सहसा ‘ताईत’ म्हटले जाते. हा शब्द चुकीचा नसला तरी अपुरा आहे, कारण ताईत अंगावर बांधतात, तर फू दारावर चिकटवला जातो, जमिनीत पुरला जातो, जाळला जातो आणि काही ठिकाणी त्याची राख पाण्यातून प्यायलीही जाते. ताओ या चिनी धर्मपरंपरेच्या स्वतःच्या समजुतीनुसार फू हे मुळात एक आज्ञापत्र आहे. दैवी दरबारातील वरिष्ठाच्या नावाने कनिष्ठ देवतेला, सेनानीला किंवा भुताखेताला दिलेला तो लेखी हुकूम असतो. पुढील बहुतेक उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून ती आधीच सांगितली.

या शब्दाचा मूळ अर्थ काय?

धर्माशी त्याचा प्रारंभी काहीच संबंध नव्हता. प्राचीन चीनमध्ये बांबूचा, लाकडाचा किंवा काशाचा एक तुकडा दोन भागांत विभागून त्याचे अर्धे दोन पक्षांकडे ठेवले जात आणि ते पुन्हा जुळवून पाहिल्यावरच समोरचा माणूस किंवा त्याने आणलेला हुकूम खरा मानला जाई. या तुकड्याला ‘फू’ म्हणत. पावतीपुस्तकातील फाडून दिलेली पावती आणि आपल्याकडे राहिलेली स्थळप्रत यांची फाटलेली कडा जुळते, तशीच काहीशी ही व्यवस्था होती. इ. स. 100 च्या सुमारास शू शेन याने रचलेल्या ‘श्वोवन’ या कोशात या शब्दाचा अर्थ ‘विश्वास’ असा देऊन पुढे म्हटले आहे की, हान राजवटीच्या पद्धतीनुसार फू बांबूचा असतो, त्याची लांबी सहा त्सुन, म्हणजे साधारण 14 सेंटिमीटर असते आणि तो विभागून पुन्हा जुळवला जातो. या चिनी अक्षराच्या माथ्यावर आजही बांबूचे चिन्ह आहे.

सैन्याच्या हालचालींसाठी वाघाच्या आकाराचा काशाचा फू वापरत. शीआन शहराजवळ सापडलेल्या अशा एका व्याघ्र-फूवर छिन राज्याचा नियमच कोरलेला आहे. उजवा अर्धा राजाकडे आणि डावा ‘दू’ या ठाण्याकडे असेल. 50 किंवा त्याहून अधिक सशस्त्र शिपाई हलवायचे झाल्यास राजाकडील अर्धा येऊन जुळल्याखेरीज हलवता येणार नाहीत. मात्र शत्रू आल्याची आग पेटली असेल, तर फूची वाट पाहण्याची गरज नाही. शेवटचे कलम वाचताना त्या नियमाचा मसुदा करणाऱ्या अनाम कारकुनाचे कौतुक वाटते.

याच व्यवस्थेची मर्यादा दाखवणारी एक कथा इतिहासकार सिमा छिएन याने नोंदवली आहे. इ. स. पूर्व 257 मध्ये वेई राज्याच्या शिनलिंग या सरदाराने झाओ राज्याच्या मदतीला सैन्य नेण्यासाठी राजाच्या शयनगृहातून व्याघ्र-फूचा अर्धा तुकडा पळवून आणवला. छावणीत तो तंतोतंत जुळला, तरीही सेनापतीला संशय आलाच. शेवटी शिनलिंगच्या माणसाने त्याला लोखंडी हातोड्याने ठार केले आणि मगच सैन्य हलले. तुकडा जुळणे आणि विश्वास बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढे धार्मिक फूच्या बाबतीतही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

लाओत्सेच्या ग्रंथात फूचा उल्लेख आहे का?

मंतरलेल्या कागदाचा उल्लेख नाही. त्यामुळे ‘ताओ ते चिंग’ वाचून या परंपरेकडे येणाऱ्या वाचकाला हे लाल-पिवळे कागद पाहून धक्का बसतो आणि ही सगळी नंतरची भेसळ असावी, असे त्याचे मत होते. परंतु त्याच ग्रंथाच्या 79 व्या अध्यायात म्हटले आहे की, ज्ञानी पुरुष कराराच्या काठीचा डावा अर्धा आपल्याजवळ धरून असतो, पण त्याच्या बळावर लोकांकडे वसुलीचा तगादा लावत नाही. च्वांगत्से या दुसऱ्या प्राचीन ताओ विचारवंताच्या ग्रंथातील पाचव्या अध्यायाच्या शीर्षकात तर ‘फू’ हाच शब्द आहे. आतील परिपूर्ण गुणाला बाहेरून पटणारी खूण, असा तिथे त्याचा भाव आहे. म्हणजे दोन अर्धे आणि त्यांचे जुळणे ही कल्पना जुन्या ग्रंथकारांच्या मनात होतीच. कागदावरील फू हा तिचा थेट वारसदार आहे असा दावा मी करणार नाही. पण ‘तत्त्वज्ञानाचा ताओ वेगळा आणि मंत्रतंत्राचा ताओ वेगळा’ अशी जी सोपी विभागणी केली जाते, ती या दोन उदाहरणांनंतर तितकीशी सोपी राहत नाही.

मग सरकारी खूण धर्मात कशी शिरली?

हान राजवटीच्या उत्तरार्धात सामान्य लोक परलोकाची कल्पना सरकारी कचेरीसारखी करू लागले होते. तिथेही नोंदवह्या होत्या, अधिकारी होते आणि त्यांच्या नावे कागद पाठवावे लागत. शान्शी प्रांतात एका थडग्यात सापडलेल्या इ. स. 133 मधील मातीच्या भांड्यावर लाल रंगात असाच मजकूर आणि त्यासोबत फूची आकृती आहे, आणि मजकुराचा शेवट ‘कायद्याप्रमाणे अंमल व्हावा’ या कचेरीतल्या ठरावीक शब्दांनी होतो.

त्यानंतर थोड्याच काळाने, परंपरेनुसार इ. स. 142 मध्ये, सिचुआनमधील हमिंग पर्वतावर दैवी रूपातील लाओत्सेने जांग दाओलिंग याला दर्शन दिले आणि ‘स्वर्गीय गुरूं’चा पंथ सुरू झाला. या पंथाच्या आरंभीच्या काळात आजारी माणसाचे नाव आणि त्याने दिलेली दोषांची कबुली तीन प्रतींत लिहीत. एक प्रत स्वर्गाच्या अधिकाऱ्यासाठी डोंगरावर ठेवत, दुसरी पृथ्वीच्या अधिकाऱ्यासाठी पुरत आणि तिसरी जलाच्या अधिकाऱ्यासाठी पाण्यात सोडत. तीन प्रतींत अर्ज करण्याची सवय किती जुनी आहे, हे पाहून आपल्याकडील कचेऱ्यांत खेटे घातलेल्या वाचकास हसू येईल. त्याच शतकात जांग ज्यूए याचे अनुयायी रोग्याला गुडघे टेकून आपले दोष आठवायला लावत आणि मग फूचे पाणी पाजत, इ. स. 184 मधील ‘पिवळ्या फेट्यां’चे बंड याच अनुयायांनी केले. साम्राज्याच्या दृष्टीने फूमध्ये धोका होता तो इथेच : हुकूम लिहिण्याचा अधिकार सम्राटाशिवाय दुसरे कोणीतरी सांगू लागले होते.

पुढे नाते उलटले. इ. स. 442 मध्ये उत्तर वेई राजवटीच्या ताइवू सम्राटाने स्वतः वेदीवर जाऊन कोऊ छिएनजी या ताओ गुरूकडून फू आणि देवतांची नोंदवही स्वीकारली, म्हणजे आपल्या राज्याला दैवी मान्यतेचे पत्र मिळवले. इ. स. 1445 मध्ये छापून पूर्ण झालेल्या ‘दाओत्सांग’ या धर्मग्रंथसंग्रहाच्या तीन मुख्य विभागांपैकी प्रत्येकात बारा उपविभाग आहेत आणि त्यांतील दुसरा उपविभाग फूंसाठीच राखलेला आहे, मूळ पवित्र ग्रंथांच्या लगेच नंतर.

फूवरील मजकूर वाचता का येत नाही? ती खरी अक्षरे असतात का?

काही असतात, काही नसतात. पुष्कळ फूंमध्ये नेहमीची चिनी अक्षरे ओढून, ताणून किंवा एकमेकांवर रचून लिहिलेली असतात. ‘वीज’, ‘भूत’, ‘सूर्य’, ‘चंद्र’ ही अक्षरे थोड्या सवयीने ओळखू येतात. लहान वर्तुळे रेषांनी जोडलेली दिसली, तर ती बहुधा तारकापुंजाची खूण असते आणि त्यातही सप्तर्षी सर्वाधिक आढळतात. काही फू मात्र ‘मेघलिपी’त असतात. जगाच्या आरंभी आद्य वायू आकाशात गोठून जी अक्षरे आपोआप उमटली, त्यांची ही नक्कल आहे, अशी लिंगबाओ पंथाची श्रद्धा आहे. ती लिपी माणसांसाठी नसून देवतांसाठी आहे, त्यामुळे ती आपल्याला न कळणे हे त्या श्रद्धेच्या दृष्टीने स्वाभाविकच आहे.

चिनी भाषेत गिचमिड हस्ताक्षराला ‘भुताने काढलेला फू’ म्हणतात. आपण ‘कोंबडीचे पाय’ म्हणतो. तरीही न वाचता येणारे सगळे गूढच असते असे मानू नये. जुन्या पेटीत मोडी लिपीतला कागद सापडला की घरातल्यांना तो गुप्तधनाचा नकाशा वाटतो आणि जाणकाराने वाचल्यावर ती शेतसाऱ्याची पावती निघते. फूच्या बाबतीतही आतला मजकूर पुष्कळदा असाच व्यवहारी असतो : अमुक देवाच्या हुकमाने या घरातील उपद्रव थांबवावा.

कागदावर वरून खाली काय काय असते?

पंथागणिक फरक असतो, पण एक ढाचा वारंवार दिसतो. सर्वांत वर ‘शिर’. तिथे अनेकदा तीन छोटे फटकारे असतात आणि ते सान-छिंग, म्हणजे तीन परमशुद्ध देवता, यांचे निदर्शक मानले जातात. त्याखाली ‘हुकूम’ या अर्थाची ‘छ्र-लिंग’ ही दोन अक्षरे, मग ज्याच्या नावाने हुकूम निघाला त्या देवतेचे नाव, मग काम. खालच्या भागात ‘पित्ताशय’ असते. चिनी समजुतीत पित्ताशय हे धैर्याचे स्थान आहे (आपण काळजाला जे काम देतो ते), आणि फूच्या पित्ताशयात लिहिणारा एक गुप्त अक्षर लिहून त्यावर इतर रेषा ओढून ते झाकून टाकतो. ते अक्षर गुरूकडूनच कळते. शेवटी शिक्का येतो. पुष्कळ शिक्क्यांवर ‘ताओ, ग्रंथ आणि गुरू ही रत्ने’ या अर्थाची चार अक्षरे असतात.

सोबत म्हटल्या जाणाऱ्या मंत्राचा शेवट बहुधा ‘जी जी रू ल्यू लिंग’ असा होतो. ऐकताना तो बीजमंत्रासारखा वाटतो. अर्थ मात्र ‘त्वरेने, त्वरेने, कायद्याप्रमाणे!’ एवढाच आहे. वर सांगितलेल्या भांड्यावरील कचेरीची भाषा ती हीच. सरकारी पत्रावरील ‘तातडीचे’ हा शिक्का अठराशे वर्षांनंतरही देवघरात घुमत राहावा, यापेक्षा फूचे मूळ दाखवणारा दुसरा पुरावा मला तरी माहीत नाही.

फू कसा लिहिला जातो?

आधी उपवास किंवा निदान शाकाहार, स्नान, धूप आणि गुरुपरंपरेचे आवाहन. मग कागद, शाई आणि कुंचला यांवर मंत्र. काही विधींत दाओशी, म्हणजे ताओ पुरोहित, ‘यू राजाची पावले’ टाकतो. पुराण्या कथेतील यू हा महापूर आवरताना लंगडा झाला होता, म्हणून ती चाल एक पाय ओढत चालल्यासारखी असते. बोटांच्या मुद्रा असतात, श्वास रोखणे आणि तो कुंचल्यावर सोडणे असते, आणि एकदा सुरुवात झाली की मन दुसरीकडे न जाऊ देता आकृती एका दमात पूर्ण करायची असते. सोंग राजवटीच्या काळात (इ. स. 960 ते 1279) विकसित झालेल्या ‘वज्रविधीं’मध्ये या आतील तयारीला एवढे महत्त्व आले की, शरीरातील साधना पक्की असेल तरच बाहेरचा विधी चालतो, अशी भूमिका घेतली गेली. एक प्रचलित म्हण सांगते की, मर्म न जाणता फू काढला तर भुतेदेव हसतात आणि मर्म जाणून काढला तर तेच भयाने ओरडतात.

तो कोणीही लिहू शकतो का?

परंपरेचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण हुकूमनाम्याच्या कल्पनेतच आहे. तलाठ्याचा शिक्का दुसऱ्या कोणी उठवला, तर कागद हुबेहूब असूनही तो बनावटच ठरतो. ‘स्वर्गीय गुरूं’च्या परंपरेतील झंगयी पंथात दीक्षेच्या वेळी शिष्याला ‘लू’ मिळते. लू म्हणजे त्याच्या आज्ञेत असणाऱ्या देवसेनानींची नोंदवही, आणि दीक्षेच्या पायरीनुसार ती वाढत जाते. ज्याच्या नावावर नोंदवहीच नाही, त्याने कोणाला आज्ञा द्यायची? जिआंगशी प्रांतातील लोंगहू पर्वत हे या दीक्षेचे मुख्य पीठ. त्याच्या बरोबरीने माओशान आणि गझाओ हे दोन पर्वतही फूंच्या परंपरेसाठी प्रसिद्ध आहेत. बाराव्या शतकात वांग चोंगयांग याने स्थापलेल्या छ्वानजेन पंथाचा भर मात्र संन्यास आणि अंतर्गत साधनेवर आहे, आणि तिथे फूला तुलनेने दुय्यम स्थान आहे.

अभ्यास म्हणून आकृती उतरवून पाहण्यास कोणी अडवणार नाही. तिला फू म्हणू नये, एवढेच.

राख पाण्यातून घेणे सुरक्षित आहे का?

नाही. लाल शाई पारंपरिकरीत्या हिंगुळाची असते आणि हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. ते तापवल्यास पाऱ्याची विषारी वाफ निघते. आजकाल विकल्या जाणाऱ्या कागदांवर कोणते रंग असतात, हे पाकिटावर लिहिलेले नसते. म्हणून हिंगुळाने लिहिलेला फू बंद खोलीत जाळू नये, आणि कोणत्याही फूची राख स्वतः पिऊ नये किंवा लहान मुलांना मुळीच देऊ नये. श्रद्धा कितीही असो, आजारात डॉक्टरांकडे जावे.

आपल्याकडील यंत्र, ताईत आणि अंगारा यांच्याशी फूचे साम्य आहे का?

वापरात आहे. अंगारा कपाळाला लावणे किंवा पाण्यातून देणे, भूर्जपत्रावरील अक्षरे ताइतात भरून दंडाला बांधणे, हे सर्व फूच्या वापराशी जुळते. कल्पनेत मात्र अंतर आहे. श्रीयंत्र हे देवतेचे आसन किंवा शरीर असते. त्याची स्थापना होते, त्याला हळदकुंकू वाहिले जाते. फूची सहसा पूजा होत नाही; फू बजावला जातो, जशी नोटीस बजावतात. यंत्रात भूमिती मुख्य आहे, फूमध्ये लेखन. दोहोंचे मूळ एकच असावे असे सांगणारे उत्साही लेखक भेटतात, पण दिसण्यातील साम्यावरून वंशावळ ठरवण्याची घाई करू नये.

चिनी नववर्षाला दारावर लावतात तो ‘फू’ हाच का?

नाही. लाल कागदावरील त्या अक्षराचा अर्थ ‘सुभाग्य’ असा आहे. दोन्ही शब्दांचा उच्चार आणि सूर एकच असल्याने देवनागरीत आणि रोमन लिपीतही फरक दिसत नाही. चिनी लिपीत ती पूर्णपणे भिन्न अक्षरे आहेत. सुभाग्याचे अक्षर मुद्दाम उलटे लावतात, कारण ‘उलटे’ आणि ‘आले’ या चिनी शब्दांचा उच्चार सारखा आहे. आज्ञापत्राच्या बाबतीत अशी गंमत चालत नाही.

प्रेताच्या कपाळावर फू चिकटवून त्याला थोपवतात, हे खरे आहे का?

ती प्रतिमा प्रामुख्याने 1980 च्या दशकातील हाँगकाँगच्या विनोदी भयपटांनी जगभर पोचवली. चित्रपट म्हणून ती मजेशीर आहे. धर्माची माहिती म्हणून घेऊ नये.

फूचा खरोखर परिणाम होतो का?

हा प्रश्न चौथ्या शतकातही विचारला जात होता. गे होंग या ताओ ग्रंथकाराने ‘बाओपूत्से’ या ग्रंथात डोंगरात शिरताना जवळ बाळगायचे फू आकृत्यांसह दिले आहेत, कारण त्या काळी डोंगर म्हणजे वाघ, साप आणि रोगराई यांचे घर होते. मात्र आपल्या काळातील फूंचा गुण क्वचितच येतो, हे त्यानेच मान्य केले आहे. त्याने दिलेली कारणे दोन : दीर्घकाळ नकला होत राहिल्याने आकृत्यांत चुका शिरल्या, आणि वापरणाऱ्यांची श्रद्धा पक्की नाही. पहिल्या कारणासाठी तो एक म्हण देतो, ‘तीनदा नक्कल केली की माशाचा लू (एका राज्याचे नाव) होतो आणि शून्याचा वाघ होतो’. या अक्षरांच्या जोड्या चिनी लिपीत दिसायला जवळच्या आहेत. आपल्या ‘ध चा मा’ची आठवण व्हावी, अशीच ही गोष्ट.

आजच्या वाचकाने दोन प्रश्न वेगळे करावेत. कागद रोग बरा करतो का, याचे उत्तर वर दिलेच आहे. विधीमुळे भेदरलेल्या कुटुंबाला धीर येतो का, मृत्यूनंतर घर पुन्हा राहण्याजोगे वाटू लागते का, हा दुसरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अनेकदा होकारार्थी असते. परंपरेतील जाणकारही कागदाला स्वतंत्र सामर्थ्य देत नाहीत. ‘तेजाचा एक बिंदू हाच फू, लोक उगाच शाई आणि हिंगूळ वाया घालवतात’, अशा अर्थाची उक्ती त्यांच्यातच प्रसिद्ध आहे.

ऑनलाइन विक्रीस असलेले फू घ्यावेत का?

शोभेसाठी घ्यावेत, तक्रार नाही. पण छापील गठ्ठ्यातील कागदावर ना लिहिणाऱ्याचे नाव असते, ना कोणत्या वेदीवर तो सिद्ध झाला याची नोंद, आणि पत्ता नसलेला हुकूम कोणाला बजावणार? ‘सात दिवसांत कर्जमुक्ती’ असे लिहिलेले असेल, तर मी तरी तिथूनच मागे फिरेन.

मुंबईत या परंपरेचे काही पाहायला मिळते का?

माझगावमध्ये सी यिप कून हे 1919 मध्ये कँटोनी समाजाने उभारलेले छोटे मंदिर आहे. तिथे ग्वान गोंग या योद्धा देवतेची पूजा होते. ते लोकधर्माचे मंदिर आहे, दीक्षित दाओशींचे पीठ नव्हे. त्यामुळे फू मिळेल या अपेक्षेने जाऊ नये. ताओ, बौद्ध आणि कुलाचार सामान्य चिनी माणसाच्या आयुष्यात किती सहज एकत्र नांदतात, हे समजण्यासाठी मात्र ती भेट उपयोगी पडेल.

जुन्या फूचे काय करावे?

कचऱ्यात टाकत नाहीत. उदाहरणार्थ, ताइ-स्वे देवतेचा फू घ्या. चिनी कालगणनेच्या 60 वर्षांच्या चक्रात प्रत्येक वर्षाचा एक याप्रमाणे 60 ताइ-स्वे आहेत आणि बीजिंगच्या ‘श्वेतमेघ’ मठात त्या साठांसाठी स्वतंत्र दालन आहे. वर्षारंभी त्या वर्षाच्या ताइ-स्वेचा फू घरात लावतात, आणि वर्षाअखेरीस आभार मानून, धूप दाखवून, तो उतरवून जाळतात. त्या अधिकाऱ्याची मुदत संपलेली असते आणि पुढच्या वर्षी त्याच्या जागी दुसरा रुजू होणार असतो.